हनुवटीखालचा हात

लांबलचक इंग्रजी शब्द समोर आला की माझा डावा हात आपोआप हनुवटीखाली जातो. औषधाच्या बाटलीवरचं नाव असो की विजेच्या बिलामागची बारीक अक्षरातली सूचना असो. माझी पुतणी दर वेळी विचारते, "काका, दाढ दुखते का?" माझी बायको तिला डोळ्यांनीच दटावते. या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किमान एक तास लागतो, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. लिहिताना निदान समोरचं माणूस गॅस बंद करायच्या निमित्तानं उठून जात नाही.

तर हा हात माझा नाही. तो खापेकर सरांचा.

खापेकर हे त्यांचं आडनावही नव्हे. खाप्याहून आले म्हणून खापेकर. खरं आडनाव टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाटीवर होतं, पण नागपूरच्या महाल भागातल्या त्या जिन्यापाशी पाटी वाचायला मान वर केली की डोकं चौकटीला लागे, त्यामुळे ते कोणी वाचलंच नाही. वर एक लांबट खोली, सहा मशिनी, मागच्या खोलीत सर आणि काकूंचा संसार. मूलबाळ नव्हतं. "सहा पोरी हायेत न," सर मशिनींकडे हात करून म्हणत, "अन् सहाच्या सहा तोंडाळ."

सर ठेंगणे, सडपातळ. पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि उजव्या कानावर कोंबडीचं एक पीस. ते तेलात बुडवून मशिनीच्या सांध्यांना लावायचं असे. तेलाचं काम संपलं तरी पीस कानावरच राही. त्याच अवस्थेत ते बाजारात जात आणि लोक त्यांना वाट देत.

सरांचे वडील खाप्याला मागावर लुगडी विणत. सर लहानपणी मागाच्या खड्ड्यापाशी बसून तुटलेलं सूत बोटानं चाचपून शोधत आणि गाठ मारत. "तिथंबी खटखट, इथंबी खटखट," ते म्हणत. "फरक एवढाच, तिथं सूत तुटलं त जोडता येते. इथं चूक झाली त पुरं पान जाते."

ज्यांनी टाइपरायटर हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओळ संपत आली की मशीन टिंग करते. म्हणजे आता चार-सहा अक्षरांपुरतीच जागा उरली. त्या वेळी हातात लांब शब्द असेल तर तो तोडायचा, आडवी रेघ द्यायची आणि उरलेला खालच्या ओळीत न्यायचा. पण मनाला येईल तिथं तोडून चालत नाही, परीक्षेत ती चूक धरतात. उच्चार जिथं सुटतो तिथंच तोडायचा. शाळेत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला सर म्हणत 'टप्पा'. टप्पे मोजायची त्यांची रीत अशी: हात पालथा करून हनुवटीखाली धरायचा आणि शब्द म्हणायचा. जितक्यांदा हनुवटी हातावर पडेल तितके टप्पे.

"इंग्रजी येत नाही? नाही त नाही," सर नव्या विद्यार्थ्याला सांगत. "हनुवटी आहे न? झालं!"

त्यांच्याकडे शिकलेला माणूस साऱ्या नागपुरात ओळखू येई. बसस्टॉपवर कोणी पाटीकडे पाहत हनुवटीला हात लावून उभा दिसला की समजावं, आपल्यातला आहे.

सरांना स्वतःला रस्त्यानं चालणं अवघड होतं ते या पाट्यांमुळेच. इतवारीत एका कापडाच्या दुकानावर पेंटरनं रेडीमेड हा शब्द इंग्रजीत लिहायला घेतला, जागा संपली, तेव्हा त्यानं 'रेड' वर ठेवलं आणि बाकीची अक्षरं खाली ढकलली. सरांनी आत जाऊन मालकाला सांगितलं की रेडी वेगळा, मेड वेगळा, दोघांच्या मधोमध तोडा. मालक म्हणाला, "मास्टरजी, ग्राहक कपड़ा देखेगा कि पाटी?" सर बाहेर पडले. मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला, ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून त्या पाटीकडे पाहू लागले. रागानं नाही. घरात आजारी माणूस असावं तसं. आठव्या दिवशी मालकानं पेंटर बोलावला.

जोडशब्द म्हणजे सरांचा जीव. रेलवे, न्यूजपेपर, पोस्टमास्टर, हँडरायटिंग. दोन पुरे शब्द मिळून झालेला शब्द. त्याला टप्पे कितीही असोत, तोडायचा तो फक्त जोडावर, ही त्यांची सक्त ताकीद. समजावताना ते लग्नाचं उदाहरण देत. "समजा न्यूज नवरा अन् पेपर बायको. उद्या भांडण झालं त दोघं आपापल्या घरी जातीन. पण 'न्यूजपे' इकडे अन् 'पर' तिकडे, असं केलं त? बायकोचा एक पाय नवऱ्याकडेच राह्यला न गा!" वर्ग हसे. वर्षानुवर्षं हसत आला होता.

त्या वर्गात मी आलो तो बी.ए. होऊन. तिसऱ्या श्रेणीत का होईना, पण इंग्रजी घेऊन. सरांना हे मी पहिल्या मिनिटात सांगितलं, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांनी मला शेवटपर्यंत बी.ए. याच नावानं हाक मारली. माझी अडचण अशी की मला प्रत्येक शब्दाचा अर्थ कळे. उताऱ्यात सिंचनाबद्दल काही आलं की मी विचारात पडे. "बी.ए.," मागून आवाज येई, "तू वाचून राहिला गा. टाइप कोण करून राहिला?"

माझ्याबरोबर कमलवहिनी आली. माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ सरकारी कचेरीत कारकून होता, तो काविळीनं महिन्याभरात गेला. वहिनी अठ्ठावीसची, लेक चार वर्षांची. दोघी आमच्याकडे राहत होत्या. कचेरीतल्या साहेबांनी भल्या मनानं भावाची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती, पण इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास व्हायची अट होती. परीक्षा वर्षातून दोनदा. दोन परीक्षांपुरती आपण थांबू, मग नाइलाज, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. गावाकडून वहिनीच्या थोरल्या दिरांचा पोस्टकार्डावर निरोप होता: नाही जमलं तर या, ठेवून घेऊ, स्वयंपाकाला बाई लागतेच. निरोप मीच घरात सगळ्यांना वाचून दाखवला. 'ठेवून घेऊ' या शब्दांपाशी वहिनीनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, घडी केली आणि डाळीच्या डब्याखाली सारलं. ते कार्ड पुढं दीड वर्ष तिथंच होतं.

वहिनी मॅट्रिक झाली होती, पण इंग्रजीत काठावर. सरांसमोर पहिल्या दिवशी ती उभीच राहिली.

"मले इंग्रजी येत नाही जी."

"मशीनले बी येत नाही," सर म्हणाले. "बसा बाई."

त्याच आठवड्यात सरांनी सवयीनं लग्नाचं उदाहरण सुरू केलं. न्यूज नवरा, पेपर बायको. 'दोघं आपापल्या घरी' इथवर आले आणि त्यांची नजर वहिनीकडे गेली. वहिनी मशिनीच्या कळांकडे पाहत होती. सर थांबले. कानावरचं पीस काढून उगाच एका मशिनीला तेल देत बसले. ते उदाहरण त्या वर्गात पुन्हा कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून दोन दोरे आणले, गाठ मारली आणि वहिनीच्या हातात दिले. "डोळे मिटा. बोट फिरवा. लागली गाठ? जोडशब्दात अशीच गाठ लागते. तिथंच सोडवला त दोन्हीपैकी कोणतंच सूत आखूड होत नाही."

वहिनी ते दोरे कितीतरी वेळ चाचपत राहिली.

आणि मग तिनं हात हनुवटीखाली लावला तो काढलाच नाही. भाजी निवडताना, लेकीची वेणी घालताना, पाण्याच्या रांगेत. घरातला इंग्रजी कागदाचा कपटाही टप्पे मोजल्याशिवाय सोडीना. नॉटविथस्टँडिंग हा शब्द तिनं चार टप्प्यांत असा सहज सोडवला की मी थक्क झालो. मला तो एका दमात म्हणताही येत नसे. मात्र तिनं त्याचा अर्थ विचारला तेव्हा माझी बी.ए. जागी झाली. मी दहा मिनिटं बोललो. उदाहरणं दिली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे 'तरी बी'. एवढंच न भाऊजी? मंग इतका लांब कायले?"

पहिल्या परीक्षेचा दिवस. त्या काळी परीक्षेला मशीन आपली आपण न्यायची. सरांनी सहाही मशिनी गोधड्यांत गुंडाळून तीन सायकलरिक्षांत ठेवल्या, प्रत्येकीसोबत एक परीक्षार्थी बसवला, आणि स्वतः सायकलवरून बाजूनं चालले. खड्डा आला की ओरडत, "हळू गा, हळू! बाळंतीण हाये आत!" परीक्षा धंतोलीकडच्या एका शाळेत होती. सरांना फाटकाबाहेर थांबावं लागलं.

मी वहिनीच्या मागच्या रांगेत होतो. घंटा झाली आणि साठ मशिनी एकदम सुरू झाल्या. वहिनीची बोटं छान पडत होती. तेवढ्यात तिच्या मशीननं टिंग केलं. वहिनीनं डावा हात कळांवरून उचलला, हनुवटीखाली नेला, टप्पे मोजले, हात परत आणला, शब्द तोडला. बरोबर तोडला. पुढची ओळ. टिंग. पुन्हा हात हनुवटीखाली. वर्गात आम्ही सगळेच आरंभी असं करायचो. शब्द सवयीचे झाले की हात आपोआप सुटायचा. वहिनीचा सुटला नव्हता. तिचं सगळं इंग्रजी त्या हातातच होतं.

सहाव्या-सातव्या ओळीला पर्यवेक्षक तिच्यापाशी आले. सज्जन गृहस्थ. खाली वाकून त्यांनी विचारलं, "दाढ दुखते का बाई?" वहिनी घाबरली. नाही म्हणावं तर हात का लावते हे सांगावं लागेल. तिनं मान हलवली. ती 'हो'ची होती की 'नाही'ची, देव जाणे. पर्यवेक्षकांनी शिपायाला पिटाळलं आणि दोन मिनिटांत एक लवंग तिच्या पुढ्यात ठेवली. "दाताखाली धरा. बरं वाटेल." ते समोर उभेच. वहिनीनं लवंग दाताखाली धरली. आता तोंड मिटलेलं, हनुवटी जागची हलेना. पुढचा शब्द आला, मशीन टिंग म्हणाली, आणि वहिनीचे दोन्ही हात हवेत थांबले.

आम्ही दोघं नापास झालो. वहिनीकडे निदान लवंगेची सबब होती.

निकालाच्या दिवशी वहिनी वर्गात आली नाही. मी सरांना लवंगेची हकिकत सांगितली. खरं तर हसवायला म्हणून सांगितली. सर हसले नाहीत.

"चूक तिची नाही गा, बी.ए.," ते म्हणाले. "तो हात मी लावला तिथं. अन् काढाले मीच विसरलो."

दुसऱ्या दिवशी वर्ग बंद होता. मी ज्या वर्षांबद्दल सांगतो आहे त्यात इन्स्टिट्यूट गणपतीतसुद्धा बंद राहिली नव्हती. नंतर काकूंकडून कळलं: सर दिवसभर मशीनपुढं बसले होते, डावा हात धोतराच्या काठात खोवून. हात न लावता टप्पे मोजता येतात का, ते पाहत होते. येत नव्हते. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला आपल्याच हाताशिवाय शब्द तोडता येईना. "जेवलेबी नाहीत," काकू म्हणाल्या. "नुसते 'रेल-वे, रेल-वे' करून राहिले होते, येड्यावानी."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिना चढून वर गेलो तर सर दारात उभे. हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारलेली एक पट्टी. लुगड्याच्या काठाची, जुनी, धुवून धुवून मऊ झालेली. वडिलांच्या मागावरची तेवढीच त्यांच्याकडे उरली होती. कानावर पीस होतंच. एकूण रूप असं की मागून येणाऱ्या मुली जिन्यातच बसल्या.

"हसून घ्या," पट्टीतून सर म्हणाले. "मंग काम करू."

त्यांनी वहिनीला बोलावणं पाठवलं होतं. ती आली, दारातच थबकली.

"काय जी सर, दाढ?"

"दाढ नाही बाई. हात." त्यांनी पट्टी सोडली आणि वहिनीपुढं धरली. "हात लावला की हनुवटी कळते, हो न? मंग हाताचं काम पट्टी करीन. हात मशीनवर राहीन. हे घ्या. आत काकूंकडून बांधून घ्या. पण घट्ट नाही. घट्ट बांधली त हनुवटी हालत नाही, अन् हालली नाही त टप्पा कळत नाही. एक बोट जाईन इतकी ढिली."

वहिनी पट्टीकडे पाहत म्हणाली, "सर, एकच परीक्षा राह्यली आता."

"ठाऊक हाये मले."

"याच्यानंबी नाही जमलं त?"

सरांनी पट्टी तिच्या हातात ठेवली. वहिनी आत गेली.

पुढचे पाच महिने वहिनी पट्टी बांधून, वरून पदर घेऊन टाइप करत होती. शेजारच्या मशीनवरच्या मुली हसत. "हसू द्या," वहिनी मला म्हणाली. "तिकडे जाऊन भाकरी थापीन त तेव्हा कोण हसाले येते?" सर तिच्यामागं उभे राहत. महिना झाला की म्हणत, "थोडी ढिली करा." दोन बोटं. तीन बोटं. मग पट्टीच्या जागी नुसता दोरा. मग एके दिवशी त्यांनी दोराही काढायला लावला आणि उतारा दिला. टिंग झालं. वहिनीचा डावा हात कळांवरच राहिला. हनुवटी हलली. किती थोडी! पाण्यात मासा हलावा तेवढी. एक, दोन, तीन. आणि शब्द गाठीवर अचूक सुटला.

सरांनी कानावरचं पीस काढून ते तेलाच्या वाटीऐवजी शाईच्या दौतीत बुडवलं, आणि त्या दिवशी तिसऱ्या नंबरच्या मशीनला शाईचं तेल झालं.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा रिक्षा, पुन्हा गोधड्या, पुन्हा बाळंतीण. फाटकापाशी वहिनी उतरली आणि म्हणाली, "सर, पट्टी द्या. जवळ असू द्या."

"नाही," सर म्हणाले. "ती माह्याजवळ राहीन."

मी आत वहिनीच्या तिरप्या बाजूला होतो. पर्यवेक्षक तेच. त्यांनी वहिनीला ओळखलं असावं. खिसा चाचपत जवळ आले, बहुधा लवंग आणलीच होती. पण वहिनीचे दोन्ही हात कळांवर होते. टिंग झालं की क्षणभर ती थांबायची, हनुवटी हलायची, आणि मशीनची सरकती गाडी खाड्कन मागं यायची. पर्यवेक्षक थोडा वेळ उभे राहिले आणि पुढं गेले. मी हे सगळं इतकं तपशिलात सांगू शकतो याचा अर्थ उघड आहे: मी त्याही वेळी नापास झालो.

बाहेर आलो तेव्हा सर फाटकाशी होते. पट्टी त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळली होती, आवळून. बोटं निळसर झाली होती. वहिनीनं ती पाहिली. "सोडा न जी," एवढंच म्हणाली.

ती पास झाली. डाळीच्या डब्याखालचं कार्ड तिनं चुलीत घातलं. भावाच्याच टेबलावर बसली, पुढं मोठी कारकून झाली, लेकीला शिकवलं. मी तिसऱ्या खेपेला मिनिटाला तीस शब्दांचा वेग गाठला आणि रामदासपेठेतल्या एका कचेरीत चिकटलो. सरांनी माझे पेढे खाल्ले आणि विचारलं, "काहून बी.ए., आता अर्थ लागणं बंद झालं काय?"

त्या पट्टीबद्दल मी एकदा सरांना म्हटलं होतं की ही तुमची मोठी युक्ती, सगळ्यांनाच शिकवा. ते म्हणाले, "नाही गा. सगळ्याइचा हात आपोआप सुटते. जिचा सुटला नाही तिच्यापुरती ते." पट्टी मशिनींच्या वरच्या खिळ्याला टांगलेली असे. नंतरच्या वर्षांत विद्यार्थी कमी होत गेले, मशिनी सहाच्या चार झाल्या, पण खिळा आणि पट्टी तिथंच.

सर गेले ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला, एका सकाळी, झोपेतच. निरोप आला तेव्हा वहिनी कचेरीला निघाली होती. ती तशीच डबा हातात घेऊन महालात आली. मी पोहोचलो तेव्हा सरांना वर्गाच्या खोलीतच, मशिनींच्या मधल्या जागेत निजवलं होतं. मोहल्ल्यातले एक म्हातारबुवा, असल्या कामातले जाणते, कोऱ्या पांढऱ्या कापडाची पट्टी फाडत होते. तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात ती. ती हनुवटीखालून घेऊन ते आवळायला लागले.

"थांबा जी," वहिनी म्हणाली.

तिनं डबा खाली ठेवला. स्टुलावर चढून खिळ्यावरची पट्टी काढली. काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. म्हातारबुवा म्हणाले, "बाई, घट्ट पायजे. ढिली राह्यली त..."

वहिनी सरांच्या उशाशी बसली आणि तिनं कोरी पट्टी सोडवली. जुनी पट्टी हनुवटीखालून घेऊन तिनं डोक्यावर गाठ मारली. मग आपलं एक बोट पट्टी आणि हनुवटी यांच्या मधून हळूच सारून पाहिलं. बोट सहज गेलं. तिनं ते तसंच थोडा वेळ तिथं ठेवलं, आणि काढून घेतलं.